झोप नव्हे, गुंगी

मे-जूनमध्ये न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर मराठी जरा जास्तच कानावर पडायला लागतं. कोणाचे आई-बाबा आलेले असतात, कोणाचे सासू-सासरे. त्यांच्या सामानात मेतकूट, भाजणी, गोडा मसाला यांच्या खाली औषधांची पिशवी असते. सहा महिन्यांचा साठा, रबरबँड लावून गठ्ठे केलेल्या स्ट्रिप : साखरेच्या, बीपीच्या, थायरॉइडच्या. पिशवीच्या तळाशी अनेकदा आणखी एक स्ट्रिप असते. कात्रीने अर्धी कापलेली, नावाचा भाग गेलेला, मागच्या चंदेरी कागदावर एक्स्पायरीची अर्धीच तारीख उरलेली. विचारलं तर आई म्हणते, "अगं, ती झोपेची. कधीतरी लागते." उन्हाळ्यात भारतातलं घड्याळ इथल्यापेक्षा साडेनऊ तास पुढे असतं, त्यामुळे पहिला आठवडा-दहा दिवस रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात दिवा जळत असतो. मग ती स्ट्रिप बाहेर निघते, आणि आईची गोळी कधी कधी बाबांनाही दिली जाते.

नाव कापलेल्या त्या स्ट्रिपची मला खरी काळजी वाटते. हल्ली बहुतेक वेळा ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम किंवा झोल्पिडेमची असते. पण घरात कोणाला पूर्वी फिट्स येत असतील, तर ती 'गार्डेनल'चीही असू शकते. गार्डेनल म्हणजे फिनोबार्बिटल, बार्बिट्युरेट या कुळातलं औषध. आपल्याकडे ते फिट्सची गोळी म्हणून ओळखलं जातं. आपल्या आजी-आजोबांच्या काळात मात्र याच कुळातली औषधं जगभर झोपेची गोळी म्हणून घेतली जात होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या साठ वर्षांत झोपेची गोळी म्हटलं की बहुधा बार्बिट्युरेटच. आज निद्रानाशासाठी ती जवळजवळ कोणीच लिहून देत नाही. ती मागे कशी पडली, तिच्या जागी काय आलं, या कथेचा मोठा भाग आयसेलिनपासून तासाभराच्या अंतरात घडलेला आहे.

सुरुवात मात्र युरोपातली. १८६४ साली अडोल्फ फॉन बायर या रसायनशास्त्रज्ञाने युरिया आणि मॅलोनिक आम्ल यांच्यापासून बार्बिट्युरिक आम्ल तयार केलं. त्याने कोणालाही झोप येत नव्हती. १९०३ मध्ये एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी त्याच सांगाड्याला दोन लहान कार्बनी शेपट्या जोडल्या आणि बार्बिटल तयार झालं. 'व्हेरोनल' या नावाने ते लगेच बाजारात आलं. त्याआधी रोग्यांना ब्रोमाइड देत, ते शरीरात साठून बुद्धी भ्रमिष्ट करायचं. पॅराल्डिहाइड देत, त्याचा भपकारा श्वासाला येऊन सगळ्या वॉर्डात पसरायचा. व्हेरोनल थोडंसं कडू होतं इतकंच. १९१२ मध्ये फिनोबार्बिटल आलं, १९२३ मध्ये अमोबार्बिटल, १९३० मध्ये पेन्टोबार्बिटल, त्यामागोमाग सेकोबार्बिटल. एकूण अडीच हजारांवर बार्बिट्युरेट प्रयोगशाळांत बनली आणि त्यांतली पन्नासेक औषध म्हणून विकली गेली.

फिनोबार्बिटलची एक हकीकत मला फार आवडते. १९१२ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गला आल्फ्रेड हाउप्टमान हा तरुण डॉक्टर अपस्माराच्या वॉर्डाजवळच राहायचा. रात्री रोग्यांना फिट्स येत, ते पलंगावरून पडत आणि त्याचीही झोप मोडे. सगळे शांत झोपावेत म्हणून त्याने त्यांना ही नवी गोळी द्यायला सुरुवात केली, असं सांगतात. मग त्याच्या लक्षात आलं की रात्रीच्याच नव्हे, दिवसाच्या फिट्सही कमी झाल्या आहेत. आज शंभर वर्षं उलटून गेली तरी फिनोबार्बिटल जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. स्वस्त आहे, परिणामकारक आहे, गावातल्या लहान दवाखान्यातही देता येतं. या कुळाबद्दल वाईट लिहिताना एवढं आधी लिहिणं मला आवश्यक वाटतं, कारण फिट्ससाठी ते घेणाऱ्या कोणी हा लेख वाचून गोळी बंद केली तर मोठा अनर्थ होईल.

आता ही औषधं मेंदूत करतात काय ते पाहू. मेंदूच्या पेशींना शांत करणारं एक नैसर्गिक रसायन आहे, गाबा. ते पेशीच्या भिंतीवरच्या एका खास जागी चिकटलं की तिथलं दार उघडतं, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशीची उत्तेजना उतरते. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारखी बेन्झोडायझेपिन कुळातली औषधं ते दार पुन्हा पुन्हा उघडायला लावतात, पण त्यासाठी गाबा हजर असावाच लागतो. बार्बिट्युरेट दार एकदा उघडलं की ते जास्त वेळ उघडं ठेवतात. आणि मात्रा वाढली की गाबाची वाटही न पाहता स्वतःच दार उघडतात. सगळा धोका या एका फरकात आहे. बेन्झोडायझेपिनच्या परिणामाला शरीराकडूनच एक मर्यादा पडते, बार्बिट्युरेटला ती नाही. मात्रा वाढत जाईल तशी आधी सुस्ती, मग गुंगी, मग भूल, मग कोमा, आणि शेवटी मेंदूच्या तळाशी असलेलं श्वसनाचं केंद्र मंद होत होत थांबतं.

म्हणून भूलतज्ज्ञाच्या हाती हे औषध उपयोगाचं होतं. १९३४ पासून थायोपेन्टलने शस्त्रक्रियेतल्या भुलीचं रूप पालटलं. तिथे रोग्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवायला माणूस शेजारी उभा असतो. घरात पलंगाशेजारच्या टेबलावर बाटली ठेवून झोपणाऱ्या माणसाजवळ तसं कोणी नसतं.

शिवाय या गोळीने येते ती खरी झोपही नव्हे. रात्रीच्या झोपेत एक टप्पा असतो ज्यात डोळ्यांची बुबुळं वेगाने हलतात आणि स्वप्नं पडतात. त्याला रेम म्हणतात. बार्बिट्युरेट तो टप्पा दाबून टाकतात. गोळी बंद केली की दाबलेली रेम उसळून येते : भीतीदायक स्वप्नं, वारंवार जाग, आधीपेक्षा वाईट रात्र. माणसाला वाटतं, पाहा, गोळीशिवाय आपल्याला झोप येतच नाही, आणि तो पुन्हा गोळीकडे वळतो. दोनेक आठवड्यांत शरीर औषधाला सरावतं आणि तेवढ्या मात्रेने झोप येईनाशी होते. मात्रा वाढवावी लागते. घात इथेच होतो. झोप आणण्यासाठी लागणारी मात्रा वाढत जाते, पण श्वास थांबवणारी मात्रा त्या प्रमाणात वर सरकत नाही. दोन्हींमधलं अंतर महिन्यामहिन्याला कमी होत जातं आणि माणसाला त्याचा पत्ताही नसतो.

त्यात दारू पोटात गेली की ते अंतर उरतच नाही. १० ऑक्टोबर १९६४ रोजी मुंबईत गुरुदत्त वयाच्या ३९ व्या वर्षी गेले ते दारू आणि झोपेच्या गोळ्या एकत्र झाल्यामुळे. ते जाणूनबुजून होतं की अपघात, यावर आजही एकमत नाही. ऑगस्ट १९६७ मध्ये लंडनमध्ये बीटल्सचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टीन मरण पावला तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. चौकशीत निष्कर्ष निघाला तो अपघाती मृत्यूचा. पेन्टोबार्बिटल असलेल्या झोपेच्या औषधाच्या गाफीलपणे घेतलेल्या मात्रा शरीरात साठत गेल्या होत्या. दोन वर्षांनी त्याच शहरात अभिनेत्री जूडी गार्लंड गेली, सेकोबार्बिटलने, तिथेही निष्कर्ष अपघाताचाच. ही माणसं प्रसिद्ध होती म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. नावं कोणालाच माहीत नसलेली कितीतरी माणसं याच वाटेने गेली.

औषध अचानक सोडण्यातही जिवाला धोका आहे. १९५० च्या सुमाराला केंटकीतल्या लेक्सिंग्टन इथे हॅरिस इस्बेल आणि सहकाऱ्यांनी काही कैद्यांना अनेक आठवडे मोठ्या मात्रेत बार्बिट्युरेट देऊन मग एकदम बंद केली. त्यांना झटके आले, भास झाले, शुद्ध हरपून बडबड सुरू झाली. असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही आणि तो तेव्हाही व्हायला नको होता, असं माझं मत आहे. पण त्याआधी 'ही गोळी फक्त सवयीची आहे, व्यसनाची नाही' असं मानणारे डॉक्टर पुष्कळ होते. ते मानणं त्यानंतर टिकलं नाही.

विषबाधा झाली तर उतारा म्हणून औषधही नाही. बेन्झोडायझेपिनसाठी फ्लुमाझेनिल तरी आहे, बार्बिट्युरेटसाठी काहीच नाही. पूर्वी अशा रोग्यांना उत्तेजक औषधं टोचून जागं करायची धडपड चालायची. दुसऱ्या महायुद्धानंतर कोपनहेगनच्या डॉक्टरांनी ते सगळं सोडून दिलं. श्वासाचा मार्ग मोकळा ठेवायचा, ऑक्सिजन द्यायचा, रक्तदाब सांभाळायचा आणि शरीर औषध बाहेर टाकेपर्यंत वाट पाहायची. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने उतरलं. वाट पाहणं सोपं नव्हतं, कारण फिनोबार्बिटलची निम्मी मात्रा शरीराबाहेर पडायलाच तीन-चार दिवस लागतात.

या गोळीला पर्याय हवा होता आणि तो न्यू जर्सीत सापडला. आयसेलिन आणि मिलटाऊन दोन्ही मिडलसेक्स काउंटीतली गावं. मिलटाऊन न्यू ब्रन्सविकच्या जवळच आहे. १९५० च्या दशकात न्यू ब्रन्सविकमध्ये वॉलेस लॅबोरेटरीजसाठी काम करणारा फ्रँक बर्गर स्नायू सैल करणाऱ्या औषधांवर संशोधन करत होता. त्याच्या देखरेखीखाली बनलेलं मेप्रोबामेट १९५५ मध्ये बाजारात आलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मिलटाउन', शेजारच्या गावाच्या नावातलं एक अक्षर गाळून. बार्बिट्युरेटपेक्षा सुरक्षित, दिवसाही घेता येणारी, मन शांत करणारी गोळी अशी तिची ख्याती झाली. औषधाच्या दुकानांवर 'मिलटाउन संपलं' अशा पाट्या लागायच्या. मग तिचीही सवय लागते, तिच्याही मोठ्या मात्रेने कोमा होतो, हे हळूहळू कळलं. १९७० च्या दशकात तिच्यावर निर्बंध आले आणि २०१२ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी ती गोळी बाजारातून काढून घ्यायची शिफारस केली.

त्याच्या कितीतरी आधी कथा उत्तरेला नटलीला पोहोचली होती. तिथल्या हॉफमन-ला रॉशच्या प्रयोगशाळेत लिओ स्टर्नबाख काम करत होता. ज्यू असल्याने १९४१ मध्ये युरोपातून निघून तो अमेरिकेत आला होता. शांत करणारी नवी रसायनं शोधण्याचं त्याचं काम फसलं होतं आणि वरिष्ठांनी त्याला दुसऱ्या कामाला लावलं होतं. १९५७ मध्ये टेबल आवरताना एका सहकाऱ्याला तपासायची राहून गेलेली थोडी भुकटी सापडली. फेकण्याऐवजी ती चाचणीला पाठवली. तिच्यातून १९६० मध्ये लिब्रियम आणि १९६३ मध्ये व्हॅलियम आलं. व्हॅलियम बरीच वर्षं अमेरिकेत सर्वाधिक लिहून दिलं जाणारं औषध होतं. नटलीचा तो कारखाना आता बंद आहे आणि त्या आवारात वैद्यकीय महाविद्यालय चालतं.

एकट्याने घेतलेली बेन्झोडायझेपिन बार्बिट्युरेटइतकी घातक नाही, आणि अतिमात्रेने होणारे मृत्यू त्यामुळे खरोखरच कमी झाले. हा फायदा छोटा नाही. पण सवय तिचीही लागते, आणि दारू किंवा अफूजन्य वेदनाशामकांबरोबर तीही श्वास थांबवते. २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तिच्या सगळ्या औषधांच्या माहितीपत्रकांत सवय लागण्याबद्दल आणि अचानक सोडण्याबद्दल सर्वांत कडक इशारा छापायला लावला. झोल्पिडेमचंही तसंच झालं. २०१३ मध्ये स्त्रियांसाठी त्याची नेहमीची मात्रा निम्म्यावर आणावी लागली, कारण सकाळी गाडी चालवतानाही औषध रक्तात उरत होतं. आयसेलिनच्या मेट्रोपार्क स्टेशनहून न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या गाडीत बसलं की पुढे राहवे हे गाव लागतं. मर्क कंपनीचं मुख्यालय तिथे आहे. २०१४ मध्ये मर्कच्या सुव्होरेक्सन्ट या झोपेच्या औषधाला मंजुरी मिळाली. ते गाबाच्या दाराला हात लावत नाही, माणसाला जागं ठेवणाऱ्या ओरेक्सिनचा संदेश अडवतं. कल्पना खरोखर वेगळी आहे, तरी कायद्याने तेही नियंत्रित औषधच आहे.

मग आज बार्बिट्युरेट कुठे आहेत? १९७० च्या अमेरिकी कायद्याने पेन्टोबार्बिटल, सेकोबार्बिटल आणि अमोबार्बिटल कडक बंधनाच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, फिनोबार्बिटल चौथ्यात. भारतात १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात त्यांची नोंद आहे. नवजात बाळाला फिट्स आल्या तर आजही फिनोबार्बिटल दिलं जातं. शंभर वर्षं जुन्या या औषधाला एफडीएने त्या कामासाठी रीतसर मंजुरी दिली ती मात्र २०२२ मध्ये. न थांबणाऱ्या फिट्समध्ये आणि मेंदूवरचा दाब वाढलेला असताना अतिदक्षता विभागातही या कुळातली औषधं वापरतात. आणि आयसेलिनच्या कोणत्याही फार्मसीत ती एका अनपेक्षित रूपात भेटतात : डोकेदुखीच्या गोळीत. अॅसिटॅमिनोफेन, कॅफिन आणि ब्युटाल्बिटल असं मिश्रण असलेली गोळी इथे तणावाच्या डोकेदुखीसाठी लिहून देतात. ब्युटाल्बिटल हे बार्बिट्युरेटच. ती वारंवार घेतली की गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. 'डोकेदुखीचीच तर आहे' म्हणून ती सासूबाईंना देणाऱ्या सुनेच्या हातून नकळत बार्बिट्युरेट दिलं जातं, आणि सासूबाई आधीच अल्प्राझोलाम घेत असतील तर दोन्ही एकाच दारावर काम करतात.

साठीच्या पुढच्या माणसांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. औषध यकृतातून आणि मूत्रपिंडांतून हळू बाहेर पडतं, तोल जातो, रात्री बाथरूमला जाताना पडून खुब्याचं हाड मोडतं. १९९१ मध्ये मार्क बिअर्स यांनी सुरू केलेल्या आणि आज अमेरिकेची वृद्धरोगतज्ज्ञांची संघटना सांभाळत असलेल्या यादीत वृद्धांसाठी बार्बिट्युरेट टाळावीत असं स्पष्ट म्हटलं आहे. बेन्झोडायझेपिन आणि झोल्पिडेमही त्याच यादीत आहेत. दुकानात फळीवरून उचलता येणाऱ्या, नावापुढे 'पीएम' लिहिलेल्या गोळ्यांमधलं डायफेनहायड्रामीनसुद्धा. त्याने बद्धकोष्ठ, लघवी अडणं, गोंधळलेपण येतं. चिठ्ठीशिवाय मिळतं म्हणजे निरुपद्रवी, असा आपला समज असतो, तो इथे घातक ठरतो. रात्री मोठ्याने घोरून मध्येच श्वास अडकणाऱ्याला यातली कुठलीही गोळी देण्याआधी स्लीप अॅप्नियाची तपासणी झालीच पाहिजे.

फिनोबार्बिटलचा आणखी एक गुण घरातल्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. ते यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा जोरात चालवतं. त्यामुळे वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं किंवा गर्भनिरोधक गोळ्या कमी पडू लागतात, आणि फिनोबार्बिटल बंद झालं की त्यांचा जोर वाढतो. पोर्फिरिया नावाच्या दुर्मीळ आजारात तर बार्बिट्युरेट द्यायचीच नसतात. म्हणून इथल्या डॉक्टरांना 'गार्डेनल' हे नाव सांगून भागत नाही, ते त्यांनी ऐकलेलं नसतं. स्ट्रिपवर बारीक अक्षरांत छापलेलं मूळ औषधाचं नाव आणि मात्रा वहीत लिहून न्यायला हवी. स्ट्रिप कापू नये, मूळ वेष्टन टाकू नये, डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी बरोबर असावी आणि नियंत्रित औषध विमानतळावर जाहीर करावं. आपली गोळी दुसऱ्याला देणं इथे आरोग्याला धोक्याचं आहेच, शिवाय बेकायदाही आहे. उरलेल्या गोळ्या न्यू जर्सीत अनेक पोलीस ठाण्यांमधल्या 'प्रोजेक्ट मेडिसिन ड्रॉप'च्या पेटीत टाकता येतात. झोपेची बाटली उशाशी मात्र ठेवूच नये. अर्धवट गुंगीत आपण एक घेतली आहे हे न आठवून माणूस दुसरी घेऊ शकतो.

कोणी जास्त गोळ्या घेतल्याचा संशय आला आणि माणूस हाकेला ओ देत नसेल, श्वास संथ असेल, तर आधी ९११. शुद्धीवर असेल पण काय घेतलं कळत नसेल, तर विषबाधा केंद्राचा १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक दिवसरात्र चालतो आणि विमा आहे का असं तिथे कोणी विचारत नाही. मनात जीव संपवण्याचे विचार येत असतील तर अमेरिकेत ९८८ आणि भारतात टेली-मानसचा १४४१६.

विमानप्रवासानंतरची झोपमोड हा आजार नाही. सकाळचं ऊन अंगावर घेतलं, दुपारची लांब झोप टाळली, जेवणाच्या वेळा इथल्या केल्या की शरीर आपसूक वळतं. महिनोन्महिने टिकलेल्या निद्रानाशासाठी अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने २०१६ मध्ये गोळीऐवजी आधी वर्तनोपचार सुचवले. त्याला सीबीटी-आय म्हणतात. दोन आठवडे झोपेची वही लिहायची. नऊ तास अंथरुणात पडून साडेपाच तासच झोप लागत असेल, तर अंथरुणातला वेळ सहा तासांवर आणायचा आणि उठायची वेळ रोज एकच ठेवायची. झोप येत नसेल तर पडून न राहता उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. झोप सलग व्हायला लागली की वेळ पंधरा पंधरा मिनिटांनी वाढवायचा. पहिले पंधरा दिवस फार जड जातात, दिवसभर डोळे मिटत राहतात, आणि तेव्हाच बहुतेक जण सोडून देतात. ज्यांना फिट्स येतात त्यांनी मात्र हा उपचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच सुरू करू नये. झोप कमी पडली तर फिट येऊ शकते, आणि फिट्ससाठी लिहून दिलेली फिनोबार्बिटलची रात्रीची गोळी त्यांनी एकही दिवस चुकवायची नसते.